कंबरेच्या मणक्यांची झीज : लहान छेदाची शस्त्रक्रिया आणि खुली शस्त्रक्रिया

कंबरदुखी ही ग्रामीण व नागरी भागांत सारखीच आढळणारी तक्रार आहे. भाताची लावणी करणाऱ्या स्त्रिया, उसाच्या मोळ्या वाहणारे तोडणी कामगार, दिवसभर वाहन चालविणारे चालक आणि तासन्‌तास खुर्चीवर बसणारे कर्मचारी या सर्वांच्या बोलण्यात ती येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना हा त्रास होता आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाण्याचा संभव आहे. यांपैकी बहुसंख्य लोकांना शस्त्रक्रियेची कधीच गरज पडत नाही. थोड्या रुग्णांना मात्र ती सुचविली जाते आणि त्याच वेळी त्यांच्यापुढे दोन नावे येतात : एक 'दुर्बिणीची' किंवा 'बिनटाक्याची' आणि दुसरी 'मोठी' म्हणजेच खुली शस्त्रक्रिया.

पहिली नवी म्हणून चांगली आणि दुसरी जुनी म्हणून टाकाऊ, असा समज सर्वत्र पसरलेला दिसतो. कित्येक कुटुंबे या समजापोटी कर्ज काढतात. काही कुटुंबे उलट भीतीपोटी आवश्यक शस्त्रक्रियाही टाळतात. अशा वेळी गावातील शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य यांचा सल्ला प्रथम घेतला जातो. या दोन पद्धतींत प्रत्यक्ष फरक कोणता आणि किती, हे त्यांना ठाऊक असणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

कण्याची रचना व झिजेचे प्रकार

कंबरेच्या भागात एकावर एक रचलेले पाच मणके असतात. लगतच्या दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. बोलीत तिला गादी म्हणतात. चकतीचा बाहेरील भाग चिवट तंतूंच्या वलयांचा, तर आतील भाग पाणीदार, मऊ गराचा असतो. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस हाडाची कमान असते. या कमानींच्या रांगेतून जो बोगदा तयार होतो, त्यातून मज्जातंतू खाली उतरतात. मुख्य मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका असतो आणि त्यातूनच पाय, मूत्राशय व गुदद्वार यांना जाणाऱ्या नसा निघतात.

वयोमानानुसार चकतीतील पाणी कमी होते, तिची उंची घटते आणि मणक्यांच्या सांध्यांवरील भार वाढतो. क्ष-किरण चित्रात दोन मणक्यांमधील जागा कमी झालेली दिसते. 'मणक्यात गॅप पडला' असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ फट वाढली असा केला जातो. वस्तुतः येथे फट वाढलेली नसून असलेली जागा कमी झालेली असते.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने झिजेचे तीन प्रकार महत्त्वाचे आहेत. पहिल्या प्रकारात चकतीचे वलय फाटून आतील गर बाहेर येतो व नसेवर दाब पडतो. नितंबापासून पोटरीपर्यंत आणि पावलापर्यंत जाणारी कळ, म्हणजेच सायटिका, हे त्याचे प्रमुख लक्षण होय. दुसऱ्या प्रकारात सांधे व अस्थिबंध जाड होऊन मज्जातंतूंचा मार्ग अरुंद होतो. हा विकार बहुधा उतारवयात आढळतो. नेदरलँड्‌समधील शस्त्रवैद्य हेंक फर्बीस्ट यांनी १९५४ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. अशा रुग्णाचे पाय थोडे अंतर चालताच जड पडतात आणि खाली बसले किंवा पुढे वाकले की मोकळे होतात. त्यामुळे त्याला सायकल चालविता येते, परंतु बाजारापर्यंत पायी जाता येत नाही. तिसऱ्या प्रकारात झिजलेल्या सांध्यांमुळे वरचा मणका खालच्या मणक्यावर पुढे सरकतो.

चित्रातील झीज आणि रुग्णाची व्यथा

एमआरआय तपासणीच्या अहवालात झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे मानणे चुकीचे आहे. ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. चकतीची झीज विशीतील व्यक्तींमध्ये ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरातील व्यक्तींमध्ये ९६ टक्के इतकी आढळली. म्हणजेच केस पांढरे होतात त्याप्रमाणे कण्याचीही झीज होत असते. अहवालातील दोष, रुग्णाची कळ आणि डॉक्टरांच्या हाताला आढळणारी लक्षणे ही तिन्ही एकाच नसेकडे बोट दाखवीत असतील, तरच शस्त्रक्रियेचा विचार सयुक्तिक ठरतो.

आपल्या देशात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. कण्याचा क्षयरोगही कंबरदुखीच्या रूपाने प्रकट होतो. सायंकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना अशी चिन्हे असतील, तर साधी झीज समजून पट्टा बांधून बसणे धोक्याचे आहे. वेळीच निदान झाल्यास हा रोग औषधांनी बरा होतो.

शस्त्रक्रिया केव्हा?

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, जांघा व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने जाणे, ही तातडीची लक्षणे आहेत. मज्जातंतूंचा संपूर्ण झुबकाच दाबला गेल्याची ती खूण असते. अशा रुग्णास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेले पाहिजे. दाब दूर करण्यास जितका विलंब होईल, तितकी कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता वाढते. येथे छेद लहान की मोठा, हा प्रश्न गौण असतो.

इतर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मात्र वाट पाहण्यास वाव असतो. बाहेर आलेला गर अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेते आणि सहा ते बारा आठवड्यांत कळ ओसरते. या काळात दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याऐवजी झेपेल तितके हिंडत-फिरत राहणे, वेदनाशामक औषधे आणि व्यायाम हेच उपचार होत. नेदरलँड्‌समध्ये सायटिकाने तीव्र बेजार झालेल्या २८३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर करण्यात आली. दुसऱ्या गटाला थांबवून ठेवून गरज पडल्यासच ती करण्यात आली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना साधारणपणे चार आठवड्यांत, तर थांबलेल्यांना बारा आठवड्यांत आराम पडला. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. उरलेल्यांची ती टळली.

तात्पर्य, अशा रुग्णाला शस्त्रक्रियेने लवकर आराम मिळतो. लवकर मजुरीवर जाणे ज्याला भाग आहे आणि ज्याला थोडे थांबणे शक्य आहे, अशा दोघांचा निर्णय निरनिराळा असू शकतो व दोन्ही निर्णय योग्य असू शकतात.

खुल्या शस्त्रक्रियेचे स्वरूप

सरकलेल्या चकतीमुळे सायटिका होते आणि ती शस्त्रक्रियेने दूर करता येते, हे अमेरिकेतील बोस्टन येथील मिक्स्टर व बार या दोन शस्त्रवैद्यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून जगापुढे आले. त्या काळी पाठीवर लांब छेद घेऊन, दोन्ही बाजूंचे स्नायू हाडापासून सोडवून व मणक्याची कमान काढून नसेपर्यंत पोहोचावे लागे. डोळ्यांना सर्व भाग स्पष्ट दिसणे हा या पद्धतीचा गुण होता. स्नायूंना होणारी इजा, रक्तस्राव आणि दीर्घ विश्रांती हे तिचे दोष होते.

१९७७ साली झ्युरिक येथील यासारगिल आणि जर्मनीतील कास्पार यांनी स्वतंत्रपणे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने चकती काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. छेद सुमारे एक इंचावर आला आणि एकाच बाजूचे थोडे स्नायू बाजूला सारून काम भागू लागले. आज सरकलेल्या चकतीसाठी 'खुली शस्त्रक्रिया' म्हटली की बहुधा हीच पद्धत अभिप्रेत असते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पाठ उभी चिरण्याचे जे चित्र लोकांच्या मनात असते, ते या शस्त्रक्रियेला लागू पडत नाही. अनेक मणके स्क्रू व सळ्यांनी जोडावयाचे असतील, तेव्हा मात्र खुल्या पद्धतीत आजही मोठा छेद घ्यावा लागतो.

लहान छेदाची पद्धत

लहान छेदाच्या पद्धतीचे मुख्य तत्त्व स्नायू हाडापासून न सोडविता त्यांच्या तंतूंमधून वाट काढणे, हे होय. प्रथम एक बारीक सळई, तीवरून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून शेवटी सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची नळी बसविली जाते. या नळीतून सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया होते. अमेरिकेतील फोली व स्मिथ यांनी १९९७ साली नळी व दुर्बीण यांचा असा संयुक्त उपयोग प्रसिद्ध केला. याहूनही पुढची पायरी म्हणजे पाठीच्या एका बाजूने, मणक्यांमधील नैसर्गिक छिद्रातून सुमारे आठ मिलिमीटरच्या छेदाद्वारे दुर्बीण घालणे. ही शस्त्रक्रिया कित्येकदा पूर्ण भूल न देता, जागा बधिर करून करता येते.

कमीत कमी चिरफाडीच्या शोधात सर्वच प्रयोग टिकले, असे नाही. पपईच्या चिकापासून मिळणारे विकर सुईने चकतीत सोडून गर विरघळविण्याचा उपाय १९६० नंतरच्या दशकात पुढे आला. अमेरिकेत त्याला १९८२ साली मान्यताही मिळाली. परंतु काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी व मज्जातंतूंचे गंभीर विकार झाल्याचे आढळले. उपाय मागे पडत गेला आणि २००३ साली तेथील विक्री थांबली. त्वचेवरील जखम लहान असली म्हणजे आतील धोकाही लहान असतो असे नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

तुलना : सरकलेली चकती

दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अनेक अभ्यास झाले आहेत. नेदरलँड्‌समध्ये ३२८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून एका गटावर नळीतून, तर दुसऱ्यावर नेहमीच्या सूक्ष्मदर्शक पद्धतीने शस्त्रक्रिया केली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर दैनंदिन हालचालींच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पाय व कंबर यांच्या वेदनांबाबत तर नेहमीच्या पद्धतीचा गट किंचित पुढे होता. २०१४ सालच्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात अशा ११ चाचण्यांतील १,१७२ रुग्णांचा एकत्र विचार करण्यात आला. लहान छेदाच्या पद्धतीत जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण कमी असण्याची शक्यता दिसली. वेदनाशमन आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याची गरज या बाबतींत ती किंचित कमी पडत असावी, असेही दिसले. हे फरक लहान होते.

त्यानंतर दुर्बिणीच्या तंत्रात सुधारणा झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, ६१३ रुग्णांच्या आणखी एका डच अभ्यासात बाजूने दुर्बीण घालून केलेली शस्त्रक्रिया पायाच्या वेदना कमी करण्यात सूक्ष्मदर्शक पद्धतीच्या तोडीची ठरली.

या सर्वांचे सार असे की, नसेवरील दाब नेमका व पुरेसा दूर झाला, तर वर्षभरानंतरचा परिणाम जवळजवळ सारखाच असतो. रुग्णाला आराम मिळतो तो नस मोकळी झाल्यामुळे. तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने जावे, याचा परिणाम मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांपुरता राहतो. शंभरातील सुमारे पाच ते पंधरा रुग्णांमध्ये गर पुन्हा बाहेर येतो आणि ही शक्यता दोन्ही पद्धतींत असते.

तुलना : अरुंद मार्ग व मणके जोडणे

मज्जातंतूंचा मार्ग अरुंद झाला असेल, तर पूर्ण कमान काढून टाकणे ही जुनी पद्धत होय. आता कमानीचा काही भागच कोरून आतील जागा वाढविण्याच्या पद्धती प्रचलित आहेत. २०१५ सालच्या एका आढाव्यात पायांच्या वेदना व हालचाली यांबाबत या पद्धतींत खात्रीलायक फरक आढळला नाही. हाडाचा मागील भाग शाबूत ठेवल्यास पुढे मणके अस्थिर होण्याचा संभव मात्र कमी दिसला.

स्क्रू घालून मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत लहान छेदाचे लाभ अधिक ठळकपणे दिसतात. तेथे खुला छेद मोठा असतो; त्यामुळे रक्तस्राव कमी होणे, वेदनाशामके कमी लागणे आणि लवकर घरी जाणे हे फायदे खरे आहेत. मात्र हाड डोळ्यांना दिसत नसल्याने स्क्रूची दिशा ठरविण्यासाठी क्ष-किरणांचा वापर अधिक करावा लागतो. वर्ष-दोन वर्षांनंतरच्या परिणामांत फारसा फरक राहत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न मणके जोडण्याची गरज आहे काय, हा होय. स्वीडनमध्ये मार्ग अरुंद झालेल्या २४७ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. केवळ दाब दूर केलेल्या आणि त्याबरोबर मणकेही जोडलेल्या रुग्णांची स्थिती दोन वर्षांनी सारखीच होती. नॉर्वेमध्ये मणका सरकलेल्या २६७ रुग्णांबाबतही २०२१ साली असाच निष्कर्ष निघाला. पायात कळ नसून केवळ जुनाट कंबरदुखी असलेल्या ३४९ रुग्णांचा ब्रिटनमधील अभ्यास २००५ सालचा आहे. मणके जोडण्याची शस्त्रक्रिया ही नियोजनपूर्वक दिलेल्या व्यायामोपचारापेक्षा श्रेष्ठ असल्याचा स्पष्ट पुरावा त्यात मिळाला नाही. मणके खरोखरच अस्थिर असतील किंवा कण्याला मोठा बाक आला असेल, तर ते जोडणे आवश्यक ठरते. परंतु गरज नसताना केलेली जोडणी लहान छेदातून केली, तरी ती अनावश्यकच राहते.

जोखीम आणि शस्त्रवैद्याचा सराव

जंतुसंसर्ग, मज्जातंतूंभोवतीचे आवरण फाटणे, नसेला इजा, रक्ताची गाठ होणे हे धोके दोन्ही पद्धतींत थोड्याफार प्रमाणात असतात. नळीतून किंवा दुर्बिणीतून काम करताना दृष्टिक्षेत्र मर्यादित असते आणि हात वळण्यास जागा थोडी असते. या तंत्रावर प्रभुत्व येण्यास मोठा सराव लागतो. सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागतो व गर मागे राहण्याची शक्यताही वाढते. यास्तव सूक्ष्मदर्शक पद्धतीत निष्णात असलेल्या शस्त्रवैद्याने ती पद्धत निवडणे हे मागासलेपणाचे लक्षण नव्हे.

रुग्णाच्या प्रकृतीचाही विचार करावा लागतो. मधुमेह व स्थूलता असलेल्या रुग्णांमध्ये जखम चिघळण्याचा धोका अधिक असतो; तेथे लहान छेदाचा लाभ मोलाचा ठरू शकतो. धूम्रपान करणाऱ्यांचे जोडलेले हाड नीट सांधत नाही. त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच ते सोडणे श्रेयस्कर. अनेक पातळ्यांवरील झीज किंवा पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेचे व्रण असल्यास खुली पद्धत अधिक सुरक्षित ठरण्याचा संभव असतो.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

शस्त्रक्रिया सुचविलेल्या रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी पुढील प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत.

१. कोणती नस, कोणत्या पातळीवर दाबली गेली आहे आणि रुग्णाची लक्षणे तिच्याशी जुळतात काय?

२. आणखी सहा आठवडे थांबल्यास कोणता धोका आहे?

३. केवळ दाब दूर करावयाचा आहे की मणकेही जोडावयाचे आहेत? जोडावयाचे असल्यास कारण कोणते?

४. सुचविलेल्या पद्धतीचा शस्त्रवैद्यास किती सराव आहे?

५. दुर्बिणीने काम न झाल्यास त्याच वेळी खुली शस्त्रक्रिया करण्याची सोय आहे काय?

६. कामावर केव्हा परतता येईल आणि कोणते व्यायाम करावे लागतील?

७. एकूण खर्च किती आणि त्यात स्क्रू वगैरे साहित्याची किंमत धरली आहे काय?

खर्चाच्या बाबतीत शासकीय योजनांची माहिती घेणे हिताचे आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली १ जुलै २०२४ पासून प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्यात आले. सुचविलेली नेमकी शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे किंवा नाही, याची खात्री अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे पैसे भरण्यापूर्वीच करून घ्यावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हाही एक मार्ग आहे. असे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान होत नाही.

लहान छेदाच्या पद्धतीने रुग्णाचे पहिले काही दिवस सुसह्य केले आहेत आणि ही प्रगती स्वागतार्ह आहे. तथापि, शस्त्रक्रियेचे यश प्रथम तिच्या गरजेवर, नंतर अचूक निदानावर व शस्त्रवैद्याच्या कौशल्यावर आणि त्यानंतर छेदाच्या लांबीवर अवलंबून असते. सल्ला विचारण्यास आलेल्या रुग्णाला शिक्षकाने किंवा पंचायत सदस्याने हा क्रम समजावून दिला आणि तातडीची लक्षणे असल्यास त्याच दिवशी रुग्णालयाची वाट दाखविली, तर अनावश्यक कर्ज आणि टाळता येण्याजोगे अपंगत्व या दोन्हींपासून एखादे कुटुंब निश्चितच वाचू शकेल.